सरळ हँडल

शाळेत दरवर्षी एक निबंध असायचाच, माझा आवडता ऋतू. मी चौथीपर्यंत पावसाळाच लिहीत आले, कारण बाई फळ्यावर तोच लिहून देत. नावडत्या ऋतूवर लिहा असं कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काजूच्या हंगामावर लिहिलं असतं, आणि कोणाच्या फळ्याकडे बघावं लागलं नसतं.

आज सकाळी मागलं दार उघडलं आणि तो वास आला. बोंडूचा. काजूची बी पिरगाळून काढली की मागे राहतं ते फळ, बोंडू. त्याचं कोणाला काही नको असतं. झाडाखाली ढीग करून टाकतात. दोन दिवस उन्हात राहिले की ते आंबतात, फुटतात, त्यांच्यातून फेस येतो. वास गोड असतो, पण नाकात न थांबता घशात उतरतो आणि तिथेच बसतो. मुंबईची पाहुणे मंडळी गाडीची काच खाली करतात आणि म्हणतात, किती छान वास! त्यांनी एकदा त्या ढिगाशेजारी बसून जेवून दाखवावं. माश्या आधी बोंडूवर बसतात, मग भातावर.

माझ्यासाठी तो वास आणि टेंपोचा वास एकच झालाय.

काजूच्या कारखान्यात मी फोडणीला आहे, म्हणजे काजू फोडायला. मागल्या हंगामापर्यंत मी टेंपोतून जायचे. सकाळी सात वाजता तो तिठ्यावर उभा असायचा. आदल्या दिवशी त्यातून मासळीच्या पेट्या गेलेल्या असत. बर्फाचं पाणी तळाशी तसंच. त्यावर गोणपाटं टाकलेली, आणि गोणपाटांवर आम्ही वीसेक बायका. खवले चपलेला चिकटायचे, चपलेवरून पायाला. दिवसभर काजू फोडून संध्याकाळी घरी आले तरी घोट्याजवळ एखादा खवला चमकत असायचा.

पण मासळीचा वास मला चालतो. मासळीच्या घरात दिलेली मी. मला चालत नव्हता तो मुकादमाचा हात.

मुकादमाला सगळ्या जणी तात्या म्हणतात, वडील माणसाला म्हणावं तसं. तात्या टेंपोच्या फळीजवळ उभा राहून बायका मोजायचा. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला, चढणाऱ्या बाईच्या पाठीवर हात. गुरं बाजारात उतरवताना मोजतात तसं. त्याचा पंजा ओला असायचा. माझ्या पाठीवर तो थोडा खाली पडायचा, आणि पुढचा आकडा म्हणेपर्यंत उचलायचा नाही. टेंपो सुटला की वारा लागायचा आणि पाठीवर तेवढाच एक पंजा गार पडायचा. कारखान्यात पोचले की मी आधी मागे जाऊन जांभ्याच्या भिंतीला पाठ घासायचे. म्हैस घासते तशी. माझीच मला किळस यायची.

एकदा शेवंताला सांगितलं. शेवंता माझ्या शेजारच्या पाटावर बसते, अंगाने भरलेली, तोंडाने मोकळी. मला हळू बोलायचं होतं. तिला हळू बोलता येत नाही.

"गो सुमन, तेचो हात तसोच! सगळ्यांकाच लावता. तुका काय वेगळा सोना लागला?"

वीस जणी हसल्या. मी मान खाली घातली आणि काजू फोडत राहिले. त्यानंतर कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? हात लावतो? मोजतो, असं म्हणेल. आणि टेंपोत नसेल ती कामावर नाही, हे तात्याचंच म्हणणं. खरं की खोटं ते कोणी तपासून बघितलं नव्हतं. काम गेलं तर पावसाळ्यात, होड्या बंद असताना, आम्ही खायचं काय?

आमच्या पडवीत ह्यांची सायकल टांगलेली होती. वाशाला दोन दोऱ्या बांधून, बकरा टांगतात तशी. लग्नाआधी गोव्याला कामाला असताना एका गोऱ्याकडून घेतलेली. तो आपल्या देशाला परत चालला होता. तेव्हाच ती जुनी होती, आता तर तिचं वय कोणालाच सांगता येणार नाही. बारीक चाकांची, शर्यतीची, आणि हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. तिच्यावरून ह्यांनी जत्रेतल्या शर्यतीत पहिला नंबर काढला आणि स्टीलची कळशी आणली. कळशीने मी रोज पाणी भरते. सायकल मात्र कोणी वापरायची नाही. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा, एवढंच.

एका रात्री हे होडीवरून आले होते. जेवताना मी ताटाकडे बघत विचारलं, "सायकल न्हेव काय कामाक?"

"टेंपो आसा मा?"

"टेंपोत माका उलटी येता."

हे खोटं नव्हतं. ह्यांनी दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "न्हे. पण तिका काय एक करू नको. आसा तशी चालव."

हे वेंगुर्ल्याला होडीवर परत गेले आणि मी सायकल खाली घेतली. अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. हारावर हार, दर दसऱ्याचा. खालचे कुजून त्यांची काळी पेंड झालेली. त्यात पालीच्या लेंड्या, झुरळांची अंडी. शिंगांच्या उघड्या तोंडांत कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली. काडीने उकरली तर आतून सुकलेल्या अळ्या पडल्या. हँडलला कापडी पट्टी गुंडाळलेली होती, शर्यतीच्या दिवसांतला घाम प्यायलेली. ती सोडवताना जखमेची जुनी पट्टी सोडवल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसाच्या शेजारी मी निजते, त्याचाच तो घाम. तरीही.

सायकल मला येते. लहानपणी बाबांच्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकलेली. पण ह्या सायकलीवर बसायचं नसतं, तिच्यावर पालथं पडायचं असतं. हात खाली, तोंड रस्त्याकडे, पाठ आडवी, आणि बाकीचं सगळं मागे, लोकांसाठी. चहाच्या टपरीवर सकाळी बसलेले असतातच.

"काय गो, रस्त्यार काय हरवला?" एक ओरडला.

"अशी वाकान बघलंस तर मिळतला!" दुसरा म्हणाला.

मी मान वर केली तर ओढणी घसरायची. ओढणी सावरायला हात सोडला तर सायकल डुगडुगायची. टेंपोतला हात एकच होता. इथे टपरीवरचे सगळे डोळे होते, आणि डोळ्यांनाही ओलसरपणा असतो, हे तेव्हा कळलं.

कारखान्याकडे जाताना मसुऱ्याच्या वाटेवर एक उतार आहे. उताराच्या पायथ्याशी बागवाले बोंडू टाकतात. चौथ्या दिवशी त्या उतारावर ब्रेक माझ्या बोटांना पुरले नाहीत. ते शिंगांच्या पुढे, पार टोकाशी, पुरुषांच्या लांब बोटांसाठी लावलेले. मी सरळ त्या ढिगात गेले.

लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं. कोपरापर्यंत हात आत गेले. आत गरम होतं, म्हशीच्या ताज्या शेणात हात घालावा तसं. तोंडावर फेस उडाला, केसांत साल, कानाच्या मागे काहीतरी वळवळलं. मी रस्त्याच्या कडेला बसून ओकले. ओकून झाल्यावर सायकल उभी केली, आणि तशीच कारखान्यात गेले, कारण खाडा नको होता. बोंडूचा डाग जात नाही. तो हिरवा ड्रेस अजून आहे, त्याची मी चूल पुसायची फडकी केली.

तात्या फाटकाजवळच होता. चार दिवसांची हौस म्हणून त्याने तोवर मला आत सोडलं होतं. नाकाला रुमाल लावून हसला. "हौस फिटली? फाल्या सकाळी टेंपोत बस." आणि बोंडूच्या घाणीने भरलेली असूनही पाठीवर हात. त्या हाताला कशाचीच किळस नव्हती. ती सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी सायकल ढकलत पास्कू मेस्त्रीकडे नेली. पास्कू म्हातारा आहे, दुकान म्हणजे माडाच्या झावळांची एक बाजू आणि जुन्या सायकलींच्या हाडांचा ढीग. त्याने सायकल पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला.

"ही तुमची रेसची! हिका काय झाला?"

"हँडल काढा. सरळ बसवा. बायलांच्या सायकलीक आसता तसा."

"ह्या हँडल काढलंय तर सायकलीचो जीव जातलो, बाय."

"माजो जाता, तेचा काय?"

एवढं मोठं वाक्य मी परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलले असेन. पास्कूने माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते.

हँडलचा खुंटा गंजून आत धरला होता. त्याने त्यात रॉकेल ओतलं आणि आम्ही वाट बघत बसलो. मग त्याने पुढचं चाक पायांत धरलं, मी हँडल पिळलं, त्याने वरून ठोकलं. दुपारी तो खुंटा सुटला तेव्हा आतून तपकिरी पाणी आलं, गळू फुटल्यासारखं. शिंगं निघाली. ढिगातल्या एका मोडक्या लेडीज सायकलीचं हँडल पास्कूने काढलं, पण ते बारीक, पकडीत गोल फिरायचं. त्याने खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, त्याची पट्टी हँडलला गुंडाळली आणि मग आवळलं. हललं नाही. ब्रेकच्या नव्या मुठी, माझ्या बोटांना पोचतील अशा. नव्या तारा, लांबी बघून तोडलेल्या. मागे कॅरिअर, चाकांवर मडगार्ड, एक घंटी. गिअरचे दोन छोटे दांडे खालच्या नळीवर होते, ते तसेच ठेवले. त्यांतला एकच गिअर धड चालतो, बाकीच्यांवर चेन उड्या मारते. "एका गिअरात लय लोकांचा आयुष्य जाता," पास्कू म्हणाला.

काढलेली शिंगं मी पोत्यात घालून घरी आणली.

मग मी जे केलं ते मूर्खपणाचं, पण माझ्या जागी इथली कुठलीही बाई असती तरी तिने हेच केलं असतं. गंज घासून काढल्यावर लोखंड उघडं पडलं होतं. इथल्या खाऱ्या वाऱ्यात ते दोन दिवसांत पुन्हा लाल झालं असतं. रंग नव्हता. पण घरात कोपऱ्यात काजूच्या तेलाचा डबा होता. काजूच्या टरफलातून काढतात ते, काळं, दाट. आमच्याकडे दरवर्षी होडीला तेच लावतात. लाकूड सडत नाही, कीड लागत नाही, खारं पाणी वर्षभर बाहेर राहतं. ते तेल कातडीला लागलं तर भाजतं, हे मला कोणी सांगायला नको. फोडणीला बसण्याआधी आम्ही हाताला खोबरेल आणि राख चोळतो ते त्याच्यासाठीच. पण होडीवर ते तीन दिवसांच्या उन्हात वाळतं. होडी वाळते तर सायकल वाळणार नाही? मी सगळ्या सायकलीला तेल लावलं, हँडलसुद्धा, आणि अंगणात ठेवली.

लाकूड तेल पितं. लोखंड पीत नाही. ही गोष्ट मला चौथ्या दिवशी कळली. सायकल काळी, चकचकीत आणि चिकट. तिच्यावर माश्या, धूळ, कोंबडीची पिसं. मी रॉकेलने पुसली, राखेने घासली, हाताच्या बोटांची सालं निघाली तरी घासली. मुठींच्या जागी जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. पण हँडलच्या मधोमध, जिथे पत्र्याची पट्टी होती, तिथल्या घड्यांत तेल राहिलंच. ऊन चढलं की तिथून ते घामासारखं बाहेर यायचं.

मधले दिवस मी टेंपोतून गेले. ते मोजत नाही.

मग सोमवारी सायकल काढली. हँडल सरळ असलं की पाठ आपोआप सरळ होते. टपरीवरून गेले तर कोणी ओरडलं नाही, ओरडण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. उतारावर ब्रेक लागले. बोंडूच्या ढिगाजवळ मी श्वास धरला आणि तो मागे गेल्यावर सोडला. छान वाटलं असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर ओढणीला तेल लागेल ह्याचीच काळजी करत होते.

फाटकाशी टेंपो रिकामा होत होता. तात्याने मला पाहिलं आणि समोर आला. पुढचं चाक त्याने दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल मधोमध दोन्ही हातांनी पकडलं.

"टेंपोत नाय बसलंस."

मी एक पाय खाली टेकवला.

"ह्या सायकलीक आत जागा नाय. आणि टेंपोत नाय तिका पाट नाय."

मागे वीस जणी उभ्या होत्या. जुनं हँडल असतं तर मी वाकलेली असते आणि माझ्यासमोर त्याचं पोट असतं. आता मी ताठ बसले होते आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितले. पिवळट, पाणावलेले, कडेला पू. ह्याला मी घाबरत होते?

"हात काढा," मी म्हटलं. कचेरीत बोलतात तसं. आवाज माझा नव्हता.

तो हसला. "नाय काढलंय तर?"

"काढ, तात्या. तेल आसा तेका. हात भाजतलो."

"माका भाजवतलंस? तू?" आणि त्याने आणखी घट्ट धरलं. बराच वेळ. मी दोनदा सांगितलं होतं, हे मी देवासमोरही सांगेन. शेवटी आतून मालकांच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागलं. त्याचे तळवे हँडलवरून सुटताना गुळाच्या ढेपेवरून कागद सुटतो तसा आवाज आला. मी सायकल आत नेली, भिंतीला लावली, हाताला राख चोळली आणि पाटावर जाऊन बसले. मला कोणी उठवलं नाही. तो नियम एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी तात्याचे हात सुजले होते, तिसऱ्या दिवशी तळव्यांची कातडी काळी पडून सुटायला लागली. ते भाजणं तिथल्या प्रत्येक बाईला ओळखू येतं. पहिल्या वर्षी आमच्या सगळ्यांचे हात तसेच झाले होते. पण मुकादम काजूला कधी हात लावत नाही.

सगळ्यांदेखत शेवंता मोठ्याने म्हणाली, "काय तात्या, हात खंय घातलंस?"

वीस जणी हसल्या. माझ्यावर हसल्या होत्या तीच तोंडं, तेच दात. मला त्या हसण्याचा आनंद झाला नाही. लोकांना वाटतं मी मुद्दाम केलं. शेवंता तर तसं सांगतच फिरते. मी नाही केलं. त्या सोमवारी घरी जाऊन बघितलं तर हँडलच्या पत्र्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते. कडेला तंबाखूचा चुरा आणि एक पांढरा केस. करवंटीने खरवडून काढलं आणि विहिरीवर जाऊन ओकले.

त्या दिवसापासून तात्या लांबून, हवेत बोट करून मोजतो.

हे घरी आले ते आठवड्याने. सायकलीसमोर उभे राहिले. हात लावला नाही.

"हँडल खंय?"

मी पोतं पुढे केलं. ह्यांनी शिंगं बाहेर काढली, पाण्याने धुतली, आत काडी घालून साफ केली. जेवायला बसल्यावर म्हणाले, "टेंपोत तुका उलटी कित्याक येय होती?"

सायकलीचं हँडल गेलं तेव्हा ह्यांना माझी उलटी आठवली. ही गोष्ट मी विसरणार नाही, जरी ह्यांच्यासारखा साधा माणूस नाही असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे.

"तात्या मोजता," मी ताटाकडे बघत म्हटलं. "हातान."

ह्यांचा घास तोंडाशी थांबला. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. सकाळी उठले, पाना घेतला आणि सायकलीचे ब्रेक आवळून ठेवले. मग वेंगुर्ल्याला गेले. दसऱ्याला शिंगं त्याच वाशाला टांगून त्यांना हार घातला. मेलेल्या जनावराचं डोकं नटवावं तसं दिसतं ते. खाली सायकललाही एक छोटा हार होता. तो मी संध्याकाळीच काढून टाकला. पुन्हा पेंड नको.

आणि आता परत तेच दिवस. बोंडू, माश्या, घशात बसणारा वास. काल कारखाना सुरू झाला. तिठ्यावर टेंपो उभा होता, तात्याचं बोट हवेत होतं. मी घंटी वाजवून पुढे गेले. वळणावर शेवंता एकटीच रस्त्याच्या कडेला उभी. टेंपो तिने सोडला होता.

"गो, तुझी सायकल माका पेलात?"

"आता तर तो बोटान मोजता," मी म्हटलं.

"बोटय नको माका," शेवंता म्हणाली. एवढंच, आणि हळू. तिला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

ती कॅरिअरवर बसली तशी सायकल कण्हली, मागचं चाक जवळजवळ सपाट झालं. दोन पॅडल मारले आणि तिने तोल सांभाळायला हात टेकला. माझ्या पाठीवर. नेमका तिथेच. माझी पाठ आकसली, सायकल झोकांडी गेली. शेवंताने हात पटकन काढला आणि सीटखालची स्प्रिंग धरली.

उतार आला. दोघींचं वजन, आणि खाली तो ढीग, फेसाळलेला.

"धर गो," मी म्हटलं.

"खंय धरू?"

"पाठ धर."

तिने धरली. हात कोरडा होता, खरखरीत, तेलाने काळा पडलेला, माझ्यासारखाच. मी दोन्ही ब्रेक दाबले. ढिगाजवळून जाताना तो वास एकदम तोंडावर आला आणि आम्ही दोघी एकदमच थुंकलो.